मालमोटारीची नियंत्रक पेटी

मुंबई–आग्रा रस्ता शहापूरवरून कसारा घाटाकडे जातो आणि कल्याणहून निघालेला दुसरा रस्ता मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाट चढतो. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील मालवाहतुकीचे हे दोन मोठे ओघ असून शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा आडवा रस्ता त्यांना जोडतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला व काही वाहतूक त्या बाजूस वळली. तरी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील तयार माल, भिवंडीच्या गोदामांतील खोकी, वीटभट्ट्यांच्या विटा आणि शेतांतील भेंडी-काकडी वाहून नेणाऱ्या मोटारींची वर्दळ या जुन्या रस्त्यांवर चालूच आहे. यांतील पुष्कळ मोटारींचा मालक एका-दोन गाड्यांचाच धनी असतो. गाडी कर्जाऊ घेतलेली असते, हप्ता ठराविक तारखेस भरावयाचा असतो आणि गाडी उभी राहिली म्हणून हप्ता काही थांबत नाही. अशा मालकाला घाटाखालून दूरध्वनी येतो आणि वायरमन सांगतो, “शेठ, गाडीचा कंप्युटर गेला.” त्या एका वाक्याने त्याच्या तोंडचे पाणी पळते, कारण या कंप्युटरची किंमत अनेक हजारांत, काही गाड्यांत तर लाखाच्या घरात जाते. हा निवाडा पुष्कळदा खरा नसतो, ही गोष्ट मात्र त्याला फार उशिरा, पैसे देऊन झाल्यावर कळते.

ही पेटी म्हणजे काय, हे प्रथम पाहावे. पूर्वीच्या डिझेल इंजिनात तेल मोजून देण्याचे काम एक लोखंडी पंप करीत असे. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली असे पंप मोठ्या संख्येने तयार करण्यास आरंभ केला आणि त्यानंतर साठ-सत्तर वर्षे जगातील मालमोटारी त्याच तत्त्वावर चालल्या. पंपाचे बिघाड डोळ्यांना दिसत आणि हातांना कळत. पान्याने स्क्रू अर्धा आटा फिरवावा, धूर पाहावा आणि पुन्हा फिरवावा, एवढ्यावर निष्णात मिस्त्रीचे काम भागे. १९९५ साली जपानमध्ये आणि १९९७ साली युरोपात कॉमन रेल नावाची नवी पद्धत बाजारात आली. तीत तेल एका जाड नळीत अतिशय दाबाखाली साठवितात. प्रत्येक इंजेक्टरचे तोंड केव्हा उघडावे व किती वेळ उघडे ठेवावे, हे विजेच्या आज्ञेने ठरते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही धुराविषयीची मानके देशभर लागू झाली. भारत स्टेज ६ ची पूर्तता जुन्या पंपाकडून होणे शक्य नव्हते. त्यामुळे आज नव्या मालमोटारीत पंपाची बुद्धी काढून घेऊन ती एका ॲल्युमिनियमच्या पेटीत ठेवलेली असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ईसीएम म्हणतात. चालकांच्या तोंडी ती ‘कंप्युटर’च आहे.

आकाराने ही पेटी एखाद्या जाड चोपडीएवढी. तिला दोन मोठे कपलर जोडलेले असतात आणि त्यांत अनेक बारीक पिना असतात. इंजिन किती वेगाने फिरते, पाणी किती तापले, नळीत तेलाचा दाब किती, चालकाने पाय किती दाबला, ही सर्व वर्दी सेन्सर नावाच्या लहान उपकरणांकडून तिच्याकडे येते आणि तिच्याकडून इंजेक्टरांना आज्ञा जाते. हे काम किती घाईचे आहे, याची कल्पना साध्या हिशेबाने येईल. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला ७५० वेळा तेल पडते. सहांचे मिळून ४५०० वेळा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा झाले. नळीतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सोळाशे ते दोन हजार पट असतो आणि तोंड उघडे राहण्याचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. इतके काम करणारी पेटी नाजूक असणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती बरीच दणकट असते. तिचा विचार करणारा भाग क्वचितच मरतो. मरतो तो बहुधा बाहेरच्या तारांशी संबंध येणारा भाग, आणि तोही बाहेरूनच आलेल्या एखाद्या आघाताने.

आता एक प्रसंग कल्पावा. जुलैचा महिना आहे. मुरबाडहून निघालेली गाडी सरळगाव, किन्हवली, शहापूर करीत रात्री खर्डीच्या पुढे आली आणि चढ सुरू होण्यापूर्वीच बंद पडली. चावी फिरविली, सेल्फ मारला. इंजिन फिरते पण पेट घेत नाही. डॅशबोर्डावरील इंजिनाचा दिवाही लागत नाही. जवळच्या गॅरेजातून वायरमन मोटारसायकलीवर येतो, स्कॅनर लावतो. स्कॅनर पेटीशी बोलू शकत नाही. वायरमन मीटर काढतो, पेटीच्या कपलरात टोचतो आणि मीटर २४ व्होल्ट दाखवितो. त्याचे अनुमान तयार होते की करंट येतो आहे आणि पेटी बोलत नाही, अर्थात पेटी मेली.

या अनुमानात एक भोक आहे आणि असंख्य निर्दोष पेट्या त्याच भोकातून भंगारात जातात. घरातील नळाचे उदाहरण घ्यावे. टाकीपासून येणारी नळी गाळाने जवळजवळ बुजली आहे, केवळ सुईएवढी वाट शिल्लक आहे. तोटी बंद असेतोवर तोटीपाशी पाण्याचा दाब पूर्ण असतो. तोटी उघडताच थेंब थेंब पाणी येते. मीटर हा बंद तोटीपाशी दाब मोजणारा आहे. तो स्वतः जवळजवळ काहीच वीज खात नाही. दहा धाग्यांच्या तारेतील नऊ धागे गंजून तुटले असले आणि एकच उरला असला, तरी मीटर निःशंकपणे २४ दाखवील. पेटी मात्र जागी होऊन खरी वीज मागू लागली की तो एक धागा ती देऊ शकत नाही, व्होल्ट कोसळतात आणि पेटी पुन्हा निजते.

म्हणून जाणता वायरमन मीटरापूर्वी दिव्याचा उपयोग करतो. बॅटरी सोडून पेटीचा कपलर काढावा, बॅटरी पुन्हा जोडावी, चावी चालू करावी आणि नकाशात पाहून वीज आणणारी पिन व परत नेणारी अर्थिंगची पिन यांच्यामध्ये २४ व्होल्टचा हेडलाइटचा दिवा लावावा. दिवा लख्ख पेटला तर तारा खऱ्या. मिणमिणला, तर दोष पेटीच्या बाहेर आहे, हे तेथेच सिद्ध झाले. दिवा पेटलेला असतानाच मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी अर्थिंगच्या पिनेवर ठेवावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंग दूषित आहे. वीज आणणारी प्रत्येक पिन आणि अर्थिंगची प्रत्येक पिन अशीच तपासली पाहिजे, कारण त्या एकाहून अधिक असतात आणि त्यांपैकी एकच रुसलेली असू शकते. हे करताना जाड सुई पिनेत खुपसू नये. पिनेचे तोंड फाकते, आणि मग जो दोष नव्हता तो निर्माण होतो! पिनेच्या मापाची टोके असलेल्या तारा यासाठी मिळतात. त्यांची किंमत पेटीच्या किंमतीपुढे नगण्य आहे.

आपल्या कल्पित गाडीत बहुधा काय सापडेल? चॅसीला जेथे अर्थिंगची तार नटाने आवळलेली आहे, तेथे रंगाखाली गंज धरलेला असेल. किंवा दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पट्टीवर पांढरा-हिरवा थर चढलेला असेल. किंवा मुख्य रिलेचे पाय काळे पडलेले असतील. कॉकणपट्टीला लागून असलेल्या या तालुक्यांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत ओल भरून राहते आणि गाड्या तर याच चिखलपाण्यातून दिवसरात्र जातात. कानस कागदाने गंज घासला, नट आवळला, वर ग्रीस लावले की इंजिनाचा दिवा लागतो. खर्च झाला तो वायरमनच्या मजुरीचा.

बॅटऱ्यांविषयीही येथेच सांगणे योग्य. मोठ्या मालमोटारीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट करतात. केबिनमधील गाण्याचे यंत्र १२ व्होल्टचे असल्यामुळे त्याची तार दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून घेण्याची सवय सर्वत्र आहे. परिणाम असा होतो की एक बॅटरी सतत रिती होत जाते आणि दुसरी वाजवीपेक्षा अधिक भरते. पहाटेच्या गारव्यात सेल्फ मारताच दोहोंचे मिळून व्होल्ट इतके खाली येतात की सेल्फ फिरतो, पण पेटी मात्र जागी राहत नाही. चालकाला वाटते, कंप्युटर रोज सकाळी बिघडतो.

दुसऱ्या प्रकारच्या चकव्यात पेटी बोलते, किंबहुना फार बोलते. स्कॅनरवर एकदम चार-पाच दोष उमटतात: तेलाच्या दाबाचा सेन्सर, पायपट्टीचा सेन्सर, हवेच्या दाबाचा सेन्सर, सर्वच वाईट. गाडी ओढ घेत नाही. वायरमन म्हणतो, पाच सेन्सर एकाच क्षणी बिघडणे शक्य नाही, तेव्हा पेटीच गेली. या तर्काचा पूर्वार्ध अगदी बरोबर आहे. चूक आहे ती उत्तरार्धात. या सेन्सरांना पेटी स्वतःच ५ व्होल्टची वीज पुरविते आणि अनेकदा एकाच ओळीवर तीन-चार सेन्सर बसविलेले असतात. त्यांपैकी एकाची तार कोठेतरी लोखंडाला घासून सोलली गेली, की ती सबंध ओळच शून्यावर येते आणि त्या ओळीवरील सर्व सेन्सर मुके होतात. परीक्षा सोपी आहे. मीटर त्या ५ व्होल्टच्या तारेवर धरून ठेवावा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढीत जावे. ज्याचा कपलर काढताच मीटरचा आकडा ५ वर उडी घेईल, तो सेन्सर किंवा त्याची तार दोषी. सर्व कपलर काढूनही आकडा वर आला नाही, तर पेटीपासून निघणारी वायरिंग तपासावी. पेटीच्या तोंडाशी तारच सोडविली आणि तरीही ५ व्होल्ट मिळाले नाहीत, तेव्हाच पेटीवर संशय घ्यावा.

वायरिंग सोलण्याची कारणे या भागात तीन. पहिले कंपन, ज्यामुळे तारा क्लिपांतून सुटून चॅसीवर घासतात. दुसरे उंदीर, भाताच्या गिरणीजवळ किंवा धान्याच्या गोदामाशी चार रात्री उभ्या राहिलेल्या गाडीची वायरिंग ते हमखास कुरतडतात. तिसरे कारण माणूस. जादा दिवे, जादा हॉर्न बसविताना मूळ तार सोलून तिला गाठ मारतात आणि त्या गाठीवर चिकटपट्टी गुंडाळतात. पहिल्या पावसात चिकटपट्टी सुटते आणि पाणी तारेच्या धाग्यांमधून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, थेट कपलरापर्यंत चढते. कपलर उघडल्यावर आत हिरवट पूड दिसली, तर पाण्याची वाट शोधल्याखेरीज नवी पेटी बसवू नये. तीही त्याच वाटेने जाईल.

स्कॅनर जे अंक दाखवितो त्यांचा अर्थ नीट समजून घेतला, तर पुष्कळ खर्च टळतो. मालमोटारींसाठी जे-१९३९ नावाची एक संकेतपद्धती जगभर मान्य झालेली आहे. तीत प्रत्येक दोषाला दोन अंक असतात: पहिला कशात दोष आहे हे सांगतो आणि दुसरा तो कोणत्या जातीचा आहे हे सांगतो. ११० हा पहिला अंक इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा. त्याच्यापुढे ३ असेल तर व्होल्ट वाजवीपेक्षा वर गेले आहेत, म्हणजे बहुधा तार तुटली आहे. ४ असेल तर व्होल्ट खाली गेले आहेत, म्हणजे तार चॅसीला लागली आहे. दोन्ही वेळा सेन्सर धडधाकट असू शकतो. स्कॅनर सबंध मार्गाची तक्रार करतो. त्या मार्गावरील दोषी वस्तू माणसाने शोधावयाची असते. ६२९ या अंकापुढे १२ आला, तर मात्र पेटी स्वतःच्याच अंतर्भागाविषयी तक्रार करीत असते. ही गोष्ट गंभीर खरी. तरीही बॅटरी व अर्थिंग दिव्याने तपासल्यावाचून तेवढ्यावर निकाल देऊ नये.

पेटी व स्कॅनर ज्या दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात त्यांना कॅन म्हणतात. ही पद्धती बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडून त्या दोन तारांमध्ये मोजले असता ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एका टोकाकडील मार्ग तुटला आहे; शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. तारच तुटली असेल तर पेटी मेली आहे की जिवंत आहे, हे स्कॅनरला कळणार तरी कसे?

भारत स्टेज ६ च्या गाड्यांत आणखी एक गैरसमज होतो. धुरातील विषारी वायू मारण्यासाठी या गाड्यांत एक द्रव स्वतंत्र टाकीत भरावा लागतो. त्याला सर्वजण युरिया म्हणतात. तो संपला, किंवा त्यात पाणी मिसळले, तर पेटी नियमानुसार इंजिनाची ताकद स्वतःच कमी करते. कसाऱ्याच्या चढावर भरलेली गाडी मुंगीच्या पावलाने चालू लागते आणि चालक पेटीला शिव्या देतो. तिने तर केवळ आपले कर्तव्य केलेले असते. यावर उपाय म्हणून पेटीतील लिखाण बदलून युरियाचा बंदोबस्तच काढून टाकणारे लोक भेटतात. त्यांच्या वाऱ्यासही उभे राहू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे. शिवाय एकदा असे लिखाण बदलले की पुढचे निदान कोणालाच विश्वासाने करता येत नाही.

मग पेटी खरोखर मरते ती केव्हा? सर्वांत दुःखद कारण वेल्डिंगचे आहे. मागचा हौदा तुटला, चॅसीला भेग पडली, म्हणजे गाडी वेल्डरकडे नेतात आणि तो विजेची वेल्डिंग सरळ सुरू करतो. शेकडो अँपिअरांचा प्रवाह परतीची वाट शोधू लागतो आणि अर्थिंगच्या तारेतून पेटीत शिरतो. बॅटऱ्या सोडणे, पेटीचे कपलर काढणे आणि वेल्डिंगची अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावणे, या तीन गोष्टींना दहा मिनिटे लागतात. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना तारा उलट जोडणे आणि धुलाईच्या वेळी पंपाचा जोरदार फवारा कपलरावर मारणे, हीही कारणे आहेत. क्वचित वर्षानुवर्षांच्या कंपनाने आतले झाळकाम तडकते. अशी पेटी थंड असता चालते आणि तापली की बंद पडते. अखेरचा पुरावा साधारणपणे असा मिळतो: एका सिलिंडराचा इंजेक्टर काम करीत नाही, तो इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरात बसविल्यास उत्तम चालतो, त्याच्या जागी आणलेला चांगला इंजेक्टर मात्र मुका राहतो, आणि मधली तार अखंड आहे. अशा वेळी पेटीचा तेवढा आज्ञा देणारा भाग जळलेला आहे, यात शंका उरत नाही. इंजिन चालू असताना या तारांना हात लावू नये. त्यांत बॅटरीपेक्षा पुष्कळ अधिक व्होल्ट असतात.

पेटी बदलणे म्हणजे जळलेला दिवा काढून नवा लावणे नव्हे. प्रत्येक पेटीत त्या त्या गाडीचा चॅसी क्रमांक, चावीची ओळख, वेगमर्यादा, धुराच्या गाळणीची स्थिती आणि इंजेक्टरांचे अंक लिहिलेले असतात. कारखान्यातून निघालेला कोणताही इंजेक्टर दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो. त्याचा किंचित फरक अक्षरे व अंकांच्या रूपाने त्याच्याच अंगावर कोरलेला असतो आणि तो पेटीला सांगावा लागतो. न सांगितल्यास इंजिन चालते, पण खडखडते, धूर टाकते आणि तेल अधिक पिते. म्हणून जुनी पेटी बोलत असेल तर तिच्यातील सर्व नोंदी प्रथम उतरवून घ्याव्यात. बोलत नसेल तर इंजेक्टरांवरील अंक डोळ्यांनी वाचून कागदावर लिहावेत. भंगार बाजारातून आणलेली जुनी पेटी स्वस्त पडते, परंतु ती दुसऱ्या गाडीचे कुलशील घेऊन येते. तिच्यावरील पाटीचा क्रमांक हुबेहूब जुळला, तरी आतले लिखाण जुळेलच असे नाही.

प्रत्यक्ष काम शांतपणे करावे. चावी बंद केल्यावर युरियाचा पंप आपली नळी रिकामी करीत असतो, त्यास काही मिनिटे द्यावीत आणि मग बॅटरीचे ऋण टोक सोडावे. पेटी हातात घेण्यापूर्वी चॅसीच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते; पिनांना बोट लावू नये. पेटीखालच्या रबरी गाद्या फाटल्या असतील तर बदलाव्यात, कारण कंपन अडविण्याचे काम त्याच करतात. पेटीची स्वतःची अर्थिंगची पट्टी विसरली जाते, ती घासून आवळावी. कपलर त्याच्या कडीनेच बसवावा. हाताने ठोकू नये.

नंतर पेटीत लिखाण भरावयाचे. ते कंपनीच्या अधिकृत साधनानेच भरावे लागते आणि मध्येच वीज कोसळली, तर नवी पेटीही निकामी होण्याचा धोका असतो. पावसाळ्यात गावात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. यास्तव केवळ भिंतीवरील चार्जरवर विसंबून न राहता पूर्ण भरलेल्या दोन बॅटऱ्या गाडीला जादा जोडून ठेवाव्यात, दिवे व पंखे बंद करावेत आणि लॅपटॉपही आपल्या बॅटरीवर चालू ठेवावा. लिखाण संपले की चॅसी क्रमांक नोंदणीच्या पुस्तकाशी ताडून पाहावा, इंजेक्टरांचे अंक एकाने वाचावेत व दुसऱ्याने भरावेत.

रिकामी गाडी गॅरेजभोवती फिरवून समाधान मानू नये. शहापूरच्या गाडीने कसारा आणि मुरबाडच्या गाडीने माळशेज, असा एक घाट मालासह चढून दाखविला पाहिजे, स्कॅनर लावलेलाच ठेवून. सपाटीवर निमूट राहणारा दोष चढावर, इंजिन तापल्यावर आणि वायरिंग ताणली गेल्यावर तोंड वर काढतो. तोवर जुनी पेटी टाकून देऊ नये. दोष पुन्हा आला, तर ती निर्दोष होती हे कळेल आणि ती पुन्हा बसविता येईल. तिच्या पाटीचा क्रमांक आणि इंजेक्टरांचे अंक लिहिलेला कागद मालकाने विम्याच्या व परमिटाच्या कागदांबरोबर केबिनमध्येच ठेवावा.